कामाची वही: अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार कसा समजून घ्यावा

बाबांना छातीच्या दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" बाबा म्हणाले, "काही नाही जी, आता घरीच आहो." कागदावर 'निवृत्त' असं लिहिलं गेलं. त्या एका शब्दापायी आमची अडीच वर्षं गेली.

२०१३ च्या पावसाळ्यात त्यांना जिना चढताना दम लागू लागला. खोकला होता, पण कोरडा. एक्स-रेवर काहीतरी दिसलं, म्हणून थुंकीत जंतू सापडले नव्हते तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. फरक पडला नाही, तेव्हा दम्याचा पंप हाती आला. त्यानेही काही झालं नाही. २०१६ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी त्यांच्या पाठीला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, बोटं हातात घेऊन नखं पाहिली आणि म्हणाल्या, "काका, आयुष्यातला पहिला पगार कशाचा घेतला? तिथून सांगा." बाबा सांगत गेले आणि दहा मिनिटांत डॉक्टरबाईंना अंदाज आला. अ‍ॅस्बेस्टोसिस.

मी नागपूरच्या इतवारीत धान्याच्या एका दुकानात हिशेब लिहिते. त्या संध्याकाळी घरी येऊन दुकानातली एक कोरी खतावणी घेतली आणि बाबांना समोर बसवून त्यांच्या कामाचा हिशेब लिहायला लागले. तुमच्या घरात कुणी बॉयलरवर, वाफेच्या पाइपांवर, सिमेंटच्या पत्र्यांवर किंवा ब्रेक लायनरवर काम केलं असेल आणि आता त्याला दम लागत असेल, तर तुम्हीही सगळ्यात आधी हीच वही करा. बाकी सगळं नंतर. हा आजार यंत्रावर दिसतो खरा, पण तो कशाने झाला हे यंत्र सांगत नाही. ते माणसाच्या कामात लिहिलेलं असतं.

वही कशी लिहायची

पहिल्या नोकरीपासून सुरू करा, शेवटच्या नोकरीपासून नको. धूळ छातीत गेली आणि त्रास सुरू झाला, यात साधारण २० ते ४० वर्षं जातात. बाबांनी १९७१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, एका कापडगिरणीच्या बॉयलरवर मदतनीस म्हणून सुरुवात केली. १९७९ पासून ठेकेदारांकडे औष्णिक वीजकेंद्रांत लॅगिंगचं, म्हणजे गरम पाइपांवर उष्णता अडवणारा थर चढवायचं काम केलं. १९९४ ला ते सोडलं आणि पुढे एका गोदामावर चौकीदारी केली. दम लागला तो धूळ सुटून एकोणीस वर्षं झाल्यावर. "ते काम सोडून तं जमाना झाला," असं बाबाच म्हणायचे. त्यांनाच दोन्हींचा संबंध लागत नव्हता, तर डॉक्टरांना कुठून लागणार?

प्रत्येक कामापुढे हे लिहा: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आठवड्याला किती दिवस, काम उघड्यावर होतं की बंद जागेत, धूळ डोळ्यांना दिसायची का, तोंडाला काय बांधायचे, आणि कामाचे कपडे कुठे धुतले जायचे. हुद्दा लिहून भागत नाही. 'हेल्पर' या शब्दात काहीच नसतं. हाताने नेमकं काय करायचे ते विचारा.

बाबांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं उतरवलं आहे. पांढरी पावडर पोत्यातून घमेल्यात ओतायची, पाणी घालून हाताने कालवायची, गरम पाइपावर थापायची, वर जाळी, वर कापड, त्यावर पत्रा. वॉल्व्हला अ‍ॅस्बेस्टॉसची रस्सी गुंडाळायची. हे काम तरी ओलं होतं. सगळ्यात वाईट ते शटडाऊनमध्ये. वीजनिर्मितीचा संच दुरुस्तीला बंद झाला की जुनं लॅगिंग फोडून काढावं लागे, कोरडं, बंद जागेत, हातोड्याने. "सावरीच्या कापसासारखं उडे बाई, अन् उन्हाच्या तिरपीत चमके," बाबा म्हणाले. तोंडाला दुपट्टा. तोच दुपट्टा जेवताना झटकून खाली अंथरायचा. डॉक्टरबाईंनी वहीतलं हेच पान दोनदा वाचलं.

लॅगिंगवालेच कशाला, पत्रे कापणारे आणि त्यांना भोकं पाडणारे, जुनी बांधकामं पाडणारे, भंगारात जुने बॉयलर फोडणारे, गॅस्केट आणि पॅकिंग कापणारे, गॅरेजमध्ये ब्रेक ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणारे, या सगळ्यांची वही व्हायला हवी. माणूस बोलायला कंटाळत असेल तर एका बैठकीत उरकू नका. जुन्या सोबत्याला घरी चहाला बोलवा. आमच्याकडे बाबांचे दोन सोबती आले आणि एका दुपारी आठ पानं भरली. बाबा जे विसरले होते ते त्यांना आठवत होतं.

धूळ आत गेल्यावर काय होतं

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे, दगडाच्या जातीचं, पण ते तंतूंमध्ये सुटतं. एक तंतू उभा चिरला की आणखी बारीक तंतू होतात. आग लागत नाही, सहज झिजत नाही, म्हणूनच कारखानदारीने ते डोक्यावर घेतलं. तोच गुण फुफ्फुसाला नडतो. तिथे पोचलेला बारीक तंतू विरघळत नाही. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांच्यात मावत नाही. सापाने आपल्याहून लांब काडी गिळायचा प्रयत्न करावा तसं होतं. पेशी मरते, तिच्यातली रसायनं सांडतात, आजूबाजूला सूज येते, दुसरी पेशी येते, तीही मरते. जखम भरते ती व्रण होऊन, आणि वर्षानुवर्षांच्या या व्रणांनी फुफ्फुसाचा मऊपणा जातो. ते फुगत नाही आणि प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही. कामगार धुळीपासून दूर गेला तरी आतले तंतू तिथेच असतात, म्हणून आजार पुढे सरकू शकतो.

अ‍ॅस्बेस्टॉसने होणारे छातीचे त्रास एकाच प्रकारचे नाहीत, आणि हे वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण घरात भीती इथेच वाढते. फुफ्फुसात व्रण होतात तो अ‍ॅस्बेस्टोसिस. तो कर्करोग नाही. त्यासाठी बहुधा वर्षानुवर्षांची भरपूर धूळ लागते. फुफ्फुसाभोवतीच्या आवरणावर जाड चकत्या येतात, त्यांना प्ल्युरल प्लाक म्हणतात. त्या सहसा त्रास देत नाहीत, त्या पुढे जाऊन कर्करोग होत नाहीत, पण अ‍ॅस्बेस्टॉस अंगात गेल्याची ती खूण असते. तिसरा फुफ्फुसाचा कर्करोग. आणि चौथा मेसोथेलिओमा, म्हणजे आवरणाचाच कर्करोग, जो त्या मानाने कमी धुळीनेही होऊ शकतो आणि ज्याचा बिडी-सिगारेटशी संबंध नाही. पांढरा, निळा, तपकिरी, कोणताही अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोग करतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. 'पांढरा चालतो' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बिडीचं मात्र स्पष्ट सांगते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराने बिडी ओढली तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, दोन्ही धोके मिळून कितीतरी पट होतो. बाबांनी बिडी सोडली आणि आपल्या नागपूरच्या रिवाजाप्रमाणे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, धरला. तो तोंडाचा कर्करोग देतो. तो सोडवायला मला बिडीपेक्षा जास्त भांडावं लागलं.

टीबी, दमा की हे?

टीबीची तपासणी टाळू नका. आपल्याकडे टीबी खरोखरच आहे आणि अ‍ॅस्बेस्टोसिसच्या माणसालाही तो होऊ शकतो. पण थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू यंत्रावर शोधणारी तपासणी करून घ्या, आणि जंतू सापडले नसतील तर औषध कशाच्या आधारावर सुरू करत आहात, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

टीबीत ताप, रात्रीचा घाम, भूक जाणं, वजन उतरणं, कधी थुंकीत रक्त. त्याचे डाग बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतात. दगडाच्या धुळीचा सिलिकोसिसही वरूनच सुरू होतो. अ‍ॅस्बेस्टोसिस खालून, पाठीच्या तळापासून वर चढतो. दम्यात दम येतो-जातो, शिट्टीसारखा आवाज येतो, पंपाने सुटतो. इथे दम हळूहळू वाढतच जातो, चालताना लागतो, आणि पंपाने काही होत नाही. डॉक्टरांना दीर्घ श्वासाच्या शेवटी तळाशी चरचर ऐकू येते, चपलेचा वेल्क्रोचा पट्टा उघडल्यासारखी. काहींची बोटांची टोकं फुगतात, नखं पोपटाच्या चोचीसारखी वळतात. बाबांची तशी झाली होती आणि आम्ही ते वयाचं समजलो.

घरच्या घरी एक करता येतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणा. बसून मोजा, मग अंगणात किंवा गल्लीत सहा मिनिटं आपल्या चालीने चालवून परत मोजा. बाबांचा बसून ९५ यायचा आणि चालून ८७. त्यांचा आजार चालण्यात दिसायचा. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलं तर सगळं ठीक वाटायचं.

छातीत एका बाजूला सतत दुखत असेल, किंवा एका बाजूला पाणी भरलं असेल, तर 'टीबीचं पाणी' म्हणून सोडून देऊ नका. ते पाणी पेशींच्या तपासणीला पाठवायला सांगा. नुसत्या पाण्यात मेसोथेलिओमा पुष्कळदा सापडत नाही, आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो. अशा वेळी वही दाखवणं सगळ्यात जास्त गरजेचं.

तपासण्या आणि रिपोर्ट

साध्या एक्स-रेत सुरुवातीचा आजार निसटतो. एचआरसीटी लागतो, म्हणजे छातीचा बारीक कापांचा सीटी स्कॅन. चिठ्ठीवर 'अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत इतकी वर्षं काम' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे रिपोर्ट करणारा काय शोधायचं ते जाणतो. रुग्णाला पालथं झोपवूनही काही काप घ्या म्हणावं. उताणं झोपल्यावर फुफ्फुसाच्या तळाशी वजनानेच थोडी छाया येते. पालथं झाल्यावर ती गेली तर ती छायाच होती, राहिली तर व्रण.

रिपोर्टमध्ये हे शब्द शोधा: 'बेसल' म्हणजे तळाचं, 'सबप्ल्युरल' म्हणजे आवरणालगतचं, 'रेटिक्युलर' म्हणजे जाळीदार रेषा, 'हनीकोम्बिंग' म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळी, आणि ही बऱ्याच पुढे गेलेल्या आजाराची खूण. 'प्ल्युरल प्लाक', त्यातही छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर चुन्याचा थर असलेला, दिसला तर तो ठळक करून डॉक्टरांना दाखवा. कारण कळत नसलेला फुफ्फुसाचा एक फायब्रोसिस, म्हणजे व्रणांचा आजार, असतो, तो स्कॅनवर जवळजवळ असाच दिसतो. फरक करतात ते प्लाक आणि कामाचा इतिहास.

फुंकण्याची तपासणी, स्पायरोमेट्री, हीसुद्धा करतात. त्यात दोन आकडे बघायचे. एफव्हीसी म्हणजे एका दमात बाहेर टाकलेली एकूण हवा, आणि पहिल्या सेकंदात टाकलेल्या हवेचं तिच्याशी प्रमाण. दम्यात प्रमाण घसरतं. अ‍ॅस्बेस्टोसिसमध्ये प्रमाण बरं असतं, पण एकूण हवाच कमी. फुफ्फुस छोटं झाल्यासारखं. डीएलसीओ ही तपासणी प्राणवायू रक्तात किती उतरतो ते सांगते आणि ती बरेचदा लवकर बिघडते. फुफ्फुसाचा तुकडा काढायची गरज सहसा पडत नाही.

आपल्या शहरात मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर ईएसआयचा दवाखाना आहे. शिवाय खाण कामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था वाडीला, म्हणजे नागपुरातच होती, आणि २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. इतकं असूनही आमचं दुखणं अडीच वर्षं भलत्याच नावाने चाललं, म्हणून मी वहीचा एवढा आग्रह धरते.

उपचारात काय करता येतं

झालेले व्रण पुसणारं औषध नाही. डॉक्टरबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यामुळे आम्ही नंतर वेगवेगळ्या काढ्यांवर पैसे घालवले नाहीत. आजार वेगाने वाढत असेल तर व्रण वाढण्याचा वेग कमी करणारी औषधं काही रुग्णांना देतात, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. बाकी हातात जे आहे ते असं: धूळ आणि बिडी पूर्ण बंद, दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम, गरजेला प्राणवायू. सर्दी छातीत उतरली की वाट न पाहता दवाखाना.

मे महिन्यातल्या उन्हात, ४५ अंशांत, बाबांना दुपारी उठून पाण्याचा ग्लास आणणंही जड जायचं. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं, म्हणून वीज गेल्यावर पुरेल असा एक भरलेला सिलिंडर घरी ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा त्याचा काटा बघायचा. आंघोळ बसून, शर्ट पुढून बटणांचा, जेवण थोडं थोडं चार वेळा. पोट गच्च भरलं की श्वास अडतो.

आपल्या डोक्यावरचे पत्रे

आमच्या घराचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून १९८५ मध्ये सिमेंटचे पत्रे घातले, वांदरं कवेलू फोडत म्हणून. आपल्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. सिमेंटच्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. आता बिगर-अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही मिळतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, तेव्हा जुना पत्रा असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसचाच धरून चाला. साबूत पत्र्याखाली राहिल्याने माणसाला अ‍ॅस्बेस्टोसिस होत नाही. तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात. घाबरून पत्रे फोडायला घेतलेत तर उलट तुम्हीच धूळ कराल.

तेव्हा कापू नका, भोकं पाडू नका, तारेच्या ब्रशने शेवाळ खरडू नका. उन्हाळ्यात पांढरा रंग द्यायचा तर न घासता द्या. पत्र्यावर पाय देऊन चढूच नका. जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस खाली येतो, ही धोक्याची गोष्ट धुळीच्या कितीतरी आधी घडते. गारपिटीत फुटला तर तुकड्यांवर पाणी मारा, ओले असतानाच उचला, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधा. झाडूने कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकंही त्याच पिशवीत टाका. तुकडे वाटेतल्या खड्ड्यात भरू नका, कोंबड्यांच्या खुराड्याला लावू नका. सगळे पत्रे बदलायचे असतील तर मिस्त्रीला सांगा की बोल्ट खोलून पत्रा अख्खा उतरवायचा, दोरीने खाली सोडायचा, फेकायचा नाही. त्याला पी-१०० फिल्टरचा मास्क घेऊन द्या, खर्च तुमचा. रुमाल किंवा दुपट्टा हे तंतू अडवत नाही.

कागद सांभाळा

अ‍ॅस्बेस्टोसिस हा कायद्याने मानलेला कामाचा आजार आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या, दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचं नाव होतं. आता कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्या आहेत, म्हणून अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा ते वकिलाकडून ठरवून घ्या. उशीर करू नका, दाव्यांना मुदती असतात. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयात जाऊन विचारा.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सांगितलं आहे की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत, मालकाने ठेवायची. ती नोंद लेखी अर्ज करून मागा आणि पोच घ्या. ठेकेदाराच्या माणसाकडे बहुधा काहीच नसतं. आमच्याकडे १९८३ चा एक गेटपास निघाला, पेटीच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, आणि भविष्य निर्वाह निधीच्या दोन पावत्या. सोबत्यांचे जबाब प्रतिज्ञापत्रावर घेतले. बाबांच्या ठेकेदाराचा पत्ता मात्र लागला नाही, आणि बाबा २०२० मध्ये गेले.

वहीत शेवटी एक पान आईचं आहे. ते लिहायला मला उशीर झाला, तुम्ही करू नका. कामावरून घरी आलेल्या कपड्यांतून धूळ घरच्यांच्या छातीत जाते. आईच्या पानावर मी लिहिलं आहे: १९७४ ते १९९४, आठवड्यातून सहा दिवस, बाबांचा शर्ट अंगणात झटकून मग भिजवायची. तिला दम लागत नाही. तरी मागच्या वर्षी तिचा एचआरसीटी केला, तर उजव्या पडद्यावर चुन्याची एक छोटी चकती निघाली. डॉक्टरबाईंनी पान वाचून सांगितलं की घाबरायचं कारण नाही, पण तपासणी सोडायची नाही. पुढची तारीख मी त्याच पानावर लिहून ठेवली आहे.